दोर वळायचा दिवस

१

नर्स शितलचं प्रेत मंगळवारी दुपारी भीमेच्या शिरूरकडच्या काठाला, पाणकणसात अडकलेलं सापडलं. तिथून दीडशे पावलं वरच्या अंगाला काहील काठाला टेकलेली होती. काहील म्हणजे गुऱ्हाळात उसाचा रस आटवायची भली मोठी लोखंडी कढई. आमच्याकडं जिथं पूल नाही तिथं माणसं तिच्यात बसून नदी ओलांडतात. ती पालथी झालेली नव्हती. आत शितलची औषधांची पिशवी होती, अगदी कोरडी.

पिशवीत एक कार्ड सापडलं. वैष्णवी, वय बावीस, पहिलटकरीण, नववा महिना चालू. खाली शितलनं टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: ‘बीपी फार वाढलंय. पायावर, तोंडावर सूज. दोन दिवसांत शिरूरला दाखल केलंच पाहिजे, नाहीतर आई आणि बाळ दोघांच्या जिवाला धोका.’ तारीख सोमवारची होती.

म्हणजे एक बाई मेली होती आणि दुसरीकडं जेमतेम बुधवारचा दिवस शिल्लक होता. मी सीमा, शिरूरला हवालदार आहे, एकोणीस वर्षं नोकरी झाली. मेलेल्या माणसाची घाई नसते असं आमच्यात म्हणतात. या वेळी मात्र होती.

वैष्णवी उंबरबेटावरची. भीमेच्या मधोमध, इकडं शिरूर तालुका आणि तिकडं दौंड, यांच्यामध्ये हे बेट आहे. ते नक्की कुणाचं हे कागदालाही धड ठरवता आलेलं नाही. प्रेत आमच्या काठाला लागलं म्हणून ते आमचं. बेटावर अकरा घरं. दौंडच्या अंगाला पात्र रुंद आणि डोहांचं, त्यामुळं येणं-जाणं होतं ते आमच्याच बाजूनं, नदीवर आडव्या ताणलेल्या एका दोराला धरून. तिथली माणसं पोरी बाहेर देत नाहीत आणि बाहेरच्या करत नाहीत. परक्यानं काहिलीत बसायचं ते बेटाकडं पाठ करूनच, येतानाही आणि जातानाही. दोन पिढ्यांपूर्वी कुणी मोजणीला म्हणून आलं, अंगठे उठवून घेऊन गेलं आणि निम्मी जमीन कागदावरून नाहीशी झाली. त्यानंतर वाळूच्या बोटी आल्या आणि बेटाचं खालचं टोक खात सुटल्या. विश्वास ठेवावा असं बाहेरच्यांनी काही केलंच नव्हतं, हे मी पोलीस असूनही सांगते.

शितल ही त्यांनी आत घेतलेली एकुलती एक परकी. त्यासाठी तिची चार वर्षं गेली होती. आणि आता काठावर शंभरेक माणसं जमून ओरडत होती, “बेटावरच्यांनीच मारली! दोर तोडून टाका! मरू द्या तिकडंच!”

दोर तुटला असता तर वैष्णवी कशी येणार होती, याचा विचार त्या गर्दीत कुणालाच सुचला नव्हता.

२

दोर तोडायचं कुणाला कारणच नव्हतं, कारण तो बेटाच्या टोकाकडून आधीच सुटलेला होता. आमच्या काठावरच्या दगडी खांबाला त्याचं एक टोक पक्कं बांधलेलं होतं. दुसरं टोक काहिलीच्या कडीत अडकून काहिलीसकट इकडं आलं होतं. मी ते टोक हातात घेऊन निरखलं. मनगटाएवढ्या जाड अंबाडीच्या दोराला शेवटी फास होता, आणि फासाची गाठ जशीच्या तशी होती. कापल्याची खूण नाही, तुटल्याची नाही.

बुधवारी सकाळी बेटावरचे दोन गडी पोहत आले; एक दोराचं टोक कमरेला बांधून परत गेला आणि दोर ताणला गेल्यावर दुसऱ्यानं काहील बेटाकडं ओढत नेली. थोड्या वेळानं काहिलीतून हौसरावआबा आले. हे बेटाचे कारभारी, सत्तरीचे, अंगानं काटक. मला नेणं त्यांच्या जिवावर आलं होतं, पण नाही म्हणायची सोय नव्हती.

मी बेटाकडं पाठ करून बसले. काहील गोल, तिला पुढचं-मागचं काही नाही. जरा पाणी लागलं की ती गिरकी घेते. मी दोन्ही हातांनी काठ घट्ट पकडला. आबांनी ते बघितलं.

“पडलात तर पवा, बाई. एवढं काय घाबरायचं?”

मी नजर काठावरच्या दगडी खांबाकडं वळवली. मला पोहता येत नाही. माझ्या आजीच्या गावात पोरं ज्या विहिरीत पोहायला शिकायची, तिच्या पायरीवरसुद्धा आम्हांला उभं राहता येत नव्हतं. पाण्याला शिवायचीच बंदी, तर पोहायला शिकवणार कोण? पुढं शिरूरला राहायला आलो, आई-बाबा शिकले, नोकऱ्या लागल्या, नळ घरात आला. पोहणं मात्र राहूनच गेलं.

“आबा, शितल कशी मेली असं वाटतं तुम्हांला?”

“वाटायचं काय त्यात? त्या सत्यजीतच्या वाळूच्या बोटीनं ठोकारली आसंल. तिनं त्याची तक्रार केलती वर. पान्यात पडून कुनी मरतं व्हय?”

“अंगावर साधा ओरखडाही नाही तिच्या. डॉक्टरांनी बघितलंय.”

“मग डाक्टरला दिसला नसंल.” आबांनी दोर ओढायचा वेग वाढवला.

बेटाच्या घाटावर एक जाड, कलती बाभळीची खुंटी होती. दोराचा फास तिच्यात अडकवलेला. मी हातानं तो काढून बघायला गेले, तर प्रवाहाच्या ओढीनं तसूभर हलेना.

“तसा न्हाई निघायचा,” आबा म्हणाले. “खुंटी टाचंनं दाबायची. ती वाकली की फास आपसूक सुटतो. ल्हानपनी आमी लई सोडायचो. काहिलीत पोरगं बसलं की हिकडनं फास काढायचा. काहील गरगरत पल्याड जाऊन लागायची. पडलं तर पवत यायचं.”

आठवणीनं ते क्षणभर हसले. मग मी कोण आहे ते लक्षात आलं आणि चेहरा पुन्हा बंद झाला.

“मंगळवारी घाटावर कोण होतं?”

“कुनी न्हाई. मंगळवारी दोर वळायचा दिस व्हता. वर्साचा नवा दोर. अकरा घरांतलं सगळं मानूस खालच्या टोकाला. लेकरूसुदिक दोराला हात लावतं. जो हात लावत न्हाई तो पुढलं वरीस काहिलीत बसत न्हाई.”

“सगळीच माणसं?”

“पोटुशी बाई सोडून. तिनं वळता दोर बघायचा नस्तो, नाळंचा पीळ पडतो. वैष्णवी घरी व्हती. आन् तिच्याजवळ धुरपदा सुईन.”

“आणि आबा, काहील रात्री कुठं असते?”

“हितंच. कवाबी हितंच. ती पल्याड ठेवायची न्हाई, ह्यो नेम हाय.”

“मग मंगळवारी शितल आमच्या काठावरून कशात बसली?”

आबा थांबले. हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, खुंटीकडं बघितलं आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात भीती आली.

“आपल्यातल्याच कुनीतरी पल्याड नेऊन लावली आसंल,” ते हळूच म्हणाले.

३

वैष्णवीचं घर घाटापासून शंभर पावलांवर. तिचं माहेरही इथलंच, चार घरं सोडून. ती दारातच बसली होती. तोंड सुजलेलं, पाय हत्तीचे झालेले. मी डॉक्टर नाही, पण मला दोन मुलं आहेत. ही सूज साधी नाही एवढं मला कळत होतं.

“डोकं दुखतं का गं?”

“जरा जरा,” ती म्हणाली. “डोळ्यांम्होरं काजवं येत्यात.”

“मग चल की माझ्याबरोबर. गाडी उभी आहे पलीकडं.”

तिनं मान हलवली. “बाळ बाह्यर झालं तर बेटाचं राहत न्हाई.”

या बेटाचा हा सगळ्यांत मोठा नियम. ज्याची नाळ इथल्या मातीत पुरली तोच इथला. त्याचीच सोयरीक इथं होते, त्यालाच इथं घर, त्यालाच इथं जाळतात. आजवर एकही बाळंतपण बाहेर झालेलं नव्हतं. जी बाई अडली ती इथंच गेली. अशा किती गेल्या ते मी विचारलं नाही, राग आवरला नसता.

घरात धुरपदाआजी होती. ही बेटाची सुईण, चौऱ्यांशीची. अकरा घरांतली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मलेली. तिला उन्हात बसायचं होतं, तर वैष्णवीचा नवरा विक्रम आणि आबा अशा दोघांनी घोंगडीसकट उचलून तिला अंगणात आणली. चहाची बशी तिनं दोन्ही तळव्यांत धरून तोंडाला लावली.

“आवडायची नाही ना तुम्हांला शितल?”

“न्हाई आवडायची.” म्हातारी आडपडदा ठेवणारी नव्हती. “माझं काम हिसकत व्हती. सुया टोचायची, गोळ्या द्यायची. पर मला आय समजून पाय चेपायची. तिला मारून मला काय मिळनार हाय आता?”

विक्रम माझ्याकडं बघत नव्हता. पंचविशीचा, उंच, दंडानं भरलेला. मी त्याला परड्यात नेलं आणि काही न विचारता शितलचं कार्ड त्याच्या हातात दिलं. त्यानं ते वाचलं. शेवटची ओळ वाचून झाल्यावर त्यानं ते माझ्या हातात परत ठेवलं.

“मीच मारली तिला,” तो म्हणाला.

“कशी?”

“सोमवारी ती मला म्हनली, बायकू हातची जाईल. मी म्हनलं, आबा नेऊ द्यायचं न्हाईत. दोर वळायच्या दिशी समदी खाली आसत्यात, तवा तुमी या आन् घिऊन जा. मला तितनं हालता येत न्हाई, लगीच कळंल. पर मी काहील तुमच्या काठाला लावून ठिवतो. शितलताईला दोर वढता येत व्हता. मंगळवारी उजाडताना मी काहील पल्याड लावली आन् माघारी आलो.”

“काहील तिकडं ठेवून परत कसा आलास?”

“कसा म्हंजी?” त्याला प्रश्नच कळला नाही. “पवत.”

चालत आलो म्हणावं, तसं तो म्हणाला. पात्र तिथं नव्वद-शंभर हात, ओढही चांगली.

“हे वैष्णवीला माहीत होतं?”

“सकाळी जाताना सांगितलं. म्हनलं, ताई येतील, त्यांच्यासंगं जा. रडली. पर व्हय म्हनली.”

तेवढ्यात अंगणात कल्ला झाला. मी धावले. वैष्णवीला उलटी झाली होती आणि आबा बायकांना सांगत होते, “हिला आता कुटं न्ह्यायची न्हाई. पल्याड मानसं आपल्या जिवावर उठलीत. आपलं मानूस त्यांच्या हाती द्यायचं न्हाई.”

मी घड्याळ बघितलं. अकरा वाजले होते.

४

आबांना खरा गुन्हेगार दाखवल्याशिवाय ते वैष्णवीला सोडणार नाहीत, हे मला कळून चुकलं. त्यांच्या मते तो सत्यजीत. मी परत काठावर आले.

सत्यजीत वाळूचा धंदा करतो. पांढरे कपडे, पांढरी गाडी, वागण्यात मोठी अदब. तो गर्दीत सगळ्यांत पुढं होता.

“म्याडम, आमच्या भागाला बट्टा लावला बघा ह्या लोकांनी. एवढी गुणी पोरगी!”

“तुमची तक्रार केली होती म्हणे त्या गुणी पोरीनं.”

“ते व्हय? ते मिटलं कवाच. आन् मी तर मंगळवारी दिवसभर शिरूरला मार्केट यार्डात व्हतो. कुनालाबी विचारा.”

“कांद्याला काय भाव निघाला?”

त्यानं पटकन भाव सांगितला. तयारीनं आला होता. मी खांद्यावरची बॅग सारखी केली आणि सहज म्हणाले, “मला एक कळत नाही, काहील पालथी झाली नाही, मग ही पडली कशी?”

“आवं, उभी राह्यली ना! काहील गरगरल्यावर बसून राहायचं आसतं, तर ही घाबरून उभी...”

तो थांबला. मी थांबले नाही.

“मार्केट यार्डातून दिसलं हे तुम्हांला?”

त्याची सगळी अदब उतरली. मी त्याला बाजूला घेतलं. पाच मिनिटांत त्यानं सगळं सांगून टाकलं, कारण खुनाच्या मानानं वाळूचा गुन्हा त्याला स्वस्त वाटत होता. मंगळवारी अकराच्या सुमाराला त्याची बोट वरच्या वळणाला वाळू उपसत होती. बेटावरची सगळी माणसं खालच्या टोकाला, म्हणून हाच दिवस त्यानं साधला होता. शितल काहिलीतून निम्म्या पात्रात आली असताना बेटाकडून दोर सुटला. काहील गिरक्या घेत आमच्या काठाकडं आली. शितल उभी राहिली आणि गेली.

“तुम्ही काय केलंत?”

“बोट वळवली, म्याडम. परवाना नव्हता. लोकं जमली असती.”

“पोहता येतं तुम्हांला?”

“येतं की,” तो म्हणाला, आणि मग त्यानं मान खाली घातली.

माझ्या हातात काठी होती. ती मी उचलली नाही, याचं अजूनही माझं मलाच नवल वाटतं.

“घाटावर कोण होतं?”

“लांबून वळखू आलं न्हाई. होतं कुनीतरी. फास काढला आन् कमरेवर हात ठिवून चालत गेलं. सावकाश. ती पोरगी वरडत व्हती, म्याडम, आन् त्यानं मागं वळूनसुदिक बघितलं न्हाई. आसली माणसं हायती ही! माणूस बुडतंय आन् ह्यांनी पाठ फिरवली.”

त्यानंही तेच केलं होतं, पण ते त्याच्या लक्षात आलं नाही. माझ्या डोक्यात मात्र त्याचं शेवटचं वाक्य राहिलं. मी दगडी खांबाजवळ बसून राहिले आणि नीट विचार केला.

बाहेरच्या कुणी हे केलं असतं तर दोर कापला असता. खुंटी टाचेनं दाबायची हे बाहेरच्याला ठाऊकच नाही. आणि ज्याला जीव घ्यायचा असतो तो दोराचं नुसतं एक टोक सोडत नाही, कारण कुठलंही टोक सोडलं तरी काहील दुसऱ्या टोकाच्या काठाला जाऊन लागते. बेटाकडचा फास काढणाऱ्याला शितल परत आमच्या काठाला जायला हवी होती. इतकंच. आणि पाठ फिरवून जाण्याचं काय? मारणारा माणूस थांबतो, मेलं की नाही ते बघतो. जो मागं वळूनही बघत नाही, त्याला बघण्यासारखं काही घडणार आहे असं वाटतच नसतं.

हे मला उमगलं. आणि मग ते कुणी केलं, हेही उमगलं.

५

मी दुसऱ्यांदा बेटावर गेले तेव्हा दीड वाजला होता. अंगणात सगळी माणसं जमलेली. वैष्णवी आत निजली होती.

मी सत्यजीतनं सांगितलेलं सगळं सांगितलं. बोटीनं शितलला धक्काही लावला नव्हता. फास घाटावरून कुणीतरी काढला होता, आणि मंगळवारी बेटाच्या या टोकाला दोनच माणसं होती.

“मी काढला,” धुरपदाआजी लगेच म्हणाली. “मला घिऊन चला.”

आबा जमिनीकडं बघत होते. म्हातारी देऊन तरणी राखायची, हा हिशोब सगळ्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता, आणि खरं सांगायचं तर मलाही तो काही क्षण बरा वाटला.

“आजी, उठा बरं. घाटापर्यंत चालून दाखवा.”

म्हातारीनं तळवे जमिनीला टेकले. अंग वर उचलायला बघितलं. पुन्हा बघितलं. मग ती रडायला लागली.

“तिला कशाला छळताय?” दारातून आवाज आला. वैष्णवी चौकटीला धरून उभी होती. दुसरा हात कमरेवर. “मी काढला.”

“गप!” आबा ओरडले. विक्रम जागच्या जागी खाली बसला.

मी तिच्याजवळ गेले. “का काढलास?”

“बाळ हितंच व्हावं म्हनून. ताई भिजल्या आसत्या, रागावल्या आसत्या. दोन दिस आल्या नसत्या. तवर कळा सुरू झाल्या आसत्या, आजी म्हनती दिस भरत आल्यात. बाळ झाल्यावर कुटंबी न्हेलं आसतं तरी मी गेले आसते.” ती धाप टाकत बोलत होती. “मी काय वंगाळ केलं न्हाई, बाई. ल्हानपनी समद्यांनी क्येलंय आसं. फुडं त्या बोटवाल्यानं ठोकारलं, त्याला मी काय करू?”

“बोटवाला जवळही आला नाही. ती ओरडत होती, ऐकलंस?”

“ऐकलं. वाटलं शिव्या घालत्यात.”

“वैष्णवी, शितलला पोहता येत नव्हतं.”

ती माझ्याकडं बघत राहिली. तिला ऐकू आलं होतं, पण अर्थ पोचत नव्हता. तीन वर्षांचं पोरही इथं मासोळीगत पोहतं. मोठ्या माणसाला पोहता येत नाही, हे तिनं आयुष्यात कुठं बघितलेलंच नव्हतं.

“म्हंजी?” ती म्हणाली.

“म्हणजे ती पाण्यात पडली आणि बुडाली. कुणी मारलं नाही. आमच्याकडं पुष्कळांना येत नाही. मलासुद्धा येत नाही.”

सगळं बेट माझ्याकडं वळून बघायला लागलं. आबांचं तोंड उघडंच राहिलं.

“एवढ्या मोठ्या मानसाला?” ते पुटपुटले. “आन् तरी चार वर्सं ती त्या काहिलीतनं येत व्हती?”

“हो. दर आठवड्याला.”

वैष्णवीनं चौकट सोडली. विक्रमनं तिला वरच्यावर धरलं म्हणून बरं. ती रडली नाही. “मला हितंच ऱ्हाऊ द्या,” एवढंच म्हणत राहिली. “मी जात न्हाई. मला जगायचं न्हाई.”

“तुझ्या जगण्याचं नंतर बघू,” मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. “शितल ज्यासाठी आली होती ते आधी होणार. आबा, काहील काढा.”

आबा उभे राहिले. मला वाटलं आता अडवणार. ते अडवायला उठले नव्हते, निकाल द्यायला उठले होते.

“आपल्यासाठी आलेल्या मानसाचा जीव ह्या घाटावर ग्येला,” ते म्हणाले. “जिच्या हातानं ग्येला ती आता बेटाची न्हाई. न्ह्या तिला.”

माणसांनी घाटाकडची वाट मोकळी केली. तिची आई चार घरं पलीकडं दारात उभी होती, तीसुद्धा पुढं आली नाही.

विक्रमनं वैष्णवीला उचलून काहिलीत आणलं. बेटावरची माणसं जाताना बेटाकडं तोंड करून बसतात. ती सवयीनं तशी बसायला गेली. आबांनी तिचे खांदे धरून तिला फिरवलं आणि बेटाकडं पाठ करून बसवलं, माझ्या शेजारी. मग विक्रमही आत उतरला आणि तसाच पाठ करून बसला.

६

गुरुवारी पहाटे शिरूरला पोट फाडून बाळ काढलं. मुलगी झाली. वैष्णवी दोन वेळा हातची गेल्यासारखी झाली, पण वाचली. तिचा जबाब मी स्वतः घेतला. निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्याचा गुन्हा दाखल झाला, पुढं कोर्ट काय ते ठरवील. सत्यजीतवर वाळूचा गुन्हा लागला. बुडत्या बाईकडं पाठ फिरवल्याचं कलम मला पुस्तकात कुठं सापडलं नाही.

शितलच्या आईला, सविताबाईंना, मी न्हावऱ्याला जाऊन सगळं खरं सांगितलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकही प्रश्न विचारला नाही. शनिवारी दुपारी त्या अचानक वॉर्डात आल्या. मी दाराशीच होते. मी त्यांना अडवायला हवं होतं बहुतेक. अडवलं नाही.

त्या खाटेजवळ जाऊन उभ्या राहिल्या. वैष्णवीनं त्यांना कधी बघितलेलं नव्हतं, पण चेहऱ्यावरून ओळखलं असावं. शितल आईवर गेली होती.

“मी काढला फास,” वैष्णवी म्हणाली.

“ठावं हाय मला.”

“मग कशाला आलाव?”

“माझी पोर जिच्यापायी ग्येली, ती जगली का न्हाई बघायला.”

विक्रम उठून भिंतीला लागला. सविताबाई वाकल्या. बाळाला हात लावला नाही, नुसतं बघत राहिल्या. खूप वेळ बघितलं.

“वजन किती भरलं?”

“दोन किलोला कमी,” विक्रम म्हणाला.

“कमीच हाय. शितल रोज घरी यिऊन सांगायची, अमकीचं एवढं भरलं, तमकीचं तेवढं. दोनच्या आत आसलं की जेवायची न्हाई धड.” त्यांनी पदर तोंडावर घेतला, परत खाली केला. “दूध येतंय का?”

वैष्णवीनं मान डोलावली. तिच्या डोळ्यांतून आता कुठं पाणी आलं, बेट सोडल्यापासून पहिल्यांदा.

“मग दोन तासाला अंगावर घ्यायचं. झोपली आसली तरी उठवून. पायाच्या तळव्याला टिचकी मारायची, उठतं ल्येकरू.” त्या सरळ झाल्या. “तिनं हेच सांगितलं आसतं.”

एवढं बोलून त्या निघाल्या. मी त्यांच्याबरोबर एसटी स्टँडपर्यंत चालत गेले. न्हावऱ्याची गाडी लागलेली होती. त्या खिडकीशी बसल्या, मी तिकिटाचं विचारलं तर नको म्हणाल्या. गाडी सुटेपर्यंत मी खाली उभी राहिले.

वॉर्डात परत आले तेव्हा वैष्णवी उठून बसली होती. बाळ झोपलेलं होतं, आणि ती त्याच्या तळव्याला टिचकी मारून त्याला उठवत होती.